संध्याकाळचा वेब डिझायनिंग कोर्स: एका प्रेसवाल्याचा अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकतो. सांगलीतल्या एका कॉलेजात संध्याकाळी सहा ते आठ असा वेब डिझायनिंगचा सर्टिफिकेट कोर्स चालतो. बाहेरच्यांनाही प्रवेश मिळतो, वयाची अट नाही, बारावी पास असलं की झालं. फी साडेसहा हजार. मी यंदा तो पूर्ण केला आणि माझ्या हिशेबाने पैसे वसूल आहेत. मात्र ज्याच्या नावावर सगळे प्रवेश घेतात त्या डिझाइनच्या पेपरमुळे नव्हेत, तो पेपर शिळा आहे. वसुली झाली ती दुसऱ्या पेपरात, ज्याला वर्गातली निम्मी पोरं दांडी मारायची. वेबसाठी मराठीत लिहायचं कसं, हा तो पेपर.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि शिकवणारी माणसं रोज बाजारात भेटतात.

माझा धंदा प्रेसचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं, हँडबिलं. श्रीलिपी आणि कोरल या मराठी टायपिंगच्या आणि छपाईच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला आहे. पण हल्ली गिऱ्हाईक छापील पत्रिका शंभरच घेतं, देवापुढे ठेवायला आणि जवळच्या पाहुण्यांना द्यायला. बाकी सगळं मोबाइलवर जातं. मग तेच लोक विचारतात, "काका, वेबसाइट करून देता का?" खासगी क्लासात चौकशी केली तर त्यांनी कॉलेजच्या कितीतरी पट आकडा सांगितला, वर नोकरीची हमी. या वयात मला नोकरी कोण देणार आणि मी तरी कशाला करणार? म्हणून कॉलेज.

वर्गात बीकॉमची पोरं जास्त, एक-दोन गृहिणी, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. डिझाइन शिकवणारे सर माझ्या पुतण्याच्या वयाचे. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला काका म्हणायचे, त्यात दोघांनाही कधी अवघडलं नाही. माणूस मनापासून शिकवतो हे आधी नोंदवतो. सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना साध्या नोटपॅडवर बसवलं. "व्हीएस कोड नंतर उघडा, आधी हाताने लिहा." हे मला फार पटलं. व्हीएस कोडसारखा कोड लिहायचा चांगला एडिटर टॅग, म्हणजे कोडमधल्या कंसातल्या खुणा, स्वतःच बंद करून देतो, रंगाने चूक दाखवतो. नोटपॅडमध्ये एक कंस राहिला तर खालचं सगळं पान ठळक अक्षरात येतं आणि तो कंस तुम्हालाच शोधायला लागतो. प्रूफ तपासायची सवय असलेल्या माणसाला यात मजा येते. पोरं कंटाळायची.

पोरांची आणखी एक गंमत. घरून एआयकडून अख्खं पान करून आणायची, जांभळ्या-निळ्या रंगाचं, गोल कडांच्या चौकटींचं. दिसायला झकास. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही काढली तर काय होईल?" की सगळे छताकडे बघायचे.

अभ्यासक्रमाची गोष्ट मात्र वेगळी. तो कुणी आणि कधी लिहिला देव जाणे. मार्की टॅगवर एक संपूर्ण प्रात्यक्षिक आहे, म्हणजे ती उजवीकडून डावीकडे पळणारी ओळ. पानाचे तुकडे पाडणाऱ्या फ्रेम्सवर एक. टेबल वापरून पानाची मांडणी करण्यावर दोन. फॉन्ट टॅगवर तर परीक्षेत हमखास प्रश्न. आता बघा, एचटीएमएल ही वेबपान लिहायची भाषा, तिच्या चौथ्या आवृत्तीने अक्षराचा रंग-आकार ठरवणारा फॉन्ट टॅग १९९७ सालीच नापसंत ठरवला होता. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये फॉन्ट, सेंटर, फ्रेमसेट सगळेच कालबाह्यांच्या यादीत गेले. दिसण्याचं काम सीएसएसकडे, म्हणजे रंग-आकार-मांडणीच्या वेगळ्या भाषेकडे, द्यायचं असं ठरून किती काळ लोटला, सीएसएसचा पहिला मसुदा पक्का झाला तो डिसेंबर १९९६ मध्ये. ब्राउझर बिचारे जुनं काही मोडू नये म्हणून हे टॅग अजून चालवून घेतात, त्यामुळे लॅबमध्ये सगळं 'चालतं' आणि अभ्यासक्रम बदलायची गरज कुणाला वाटत नाही. सरांना हे ठाऊक आहे. एकदा म्हणाले, "काका, परीक्षेपुरतं टेबलात मांडा, कामाला ग्रिड वापरा." ग्रिड, म्हणजे सीएसएसमधलं मांडणीचं साधन, २०१७ साली क्रोम, फायरफॉक्स, सफारी अशा मोठ्या ब्राउझरांत आलं. ते त्यांनी तास संपल्यावर, शिपाई दिवे घालवायला उभा असताना शिकवलं. अभ्यासक्रमात त्याचं नाव नाही.

मार्कीबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडे संस्थांच्या साइटींवर ती पट्टी अजून पळताना दिसते, "प्रवेश सुरू, प्रवेश सुरू". वाचता वाचता निघून जाते. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते म्हणतात की आपोआप हलणारा मजकूर पाच सेकंदांहून जास्त चालणार असेल तर तो थांबवायची सोय वाचणाऱ्याला द्या. हे निकष या कोर्सच्या एका तरी पानावर असायला हवे होते. उतारवयातले, कमी दिसणारे, हात थरथरणारे लोकही मोबाइल वापरतात.

आणि ते जर्नल! वेबसाइटचं प्रिंटआउट काढायचं, तेही काळं-पांढरं, कारण रंगीत प्रिंट परवडत नाही. मग त्याखाली पेनाने लिहायचं, 'शीर्षकाचा रंग निळा आहे'. मग सरांची सही, विभागाचा शिक्का. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे आधीच्या वर्षाची जर्नलं तयार असतात, पोरं तिथूनच उतरवतात. माझा स्वतःचा छपाईचा धंदा असूनही हा कागद वाया गेल्याचं वाईट वाटलं.

मोबाइलचं काय? एथन मार्कॉट या वेब डिझायनरनी 'रिस्पॉन्सिव्ह', म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे बदलणाऱ्या, मांडणीची कल्पना मे २०१० मध्ये मांडली, आज तिच्याशिवाय कुणी पान करत नाही. आमच्या पुस्तिकेत तिच्यावर अर्धं पान. पान पडद्याच्या रुंदीएवढं आख असं मोबाइलला सांगणारी 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ कोडच्या वरच्या 'हेड' भागात घातली नाही, तर मोबाइल आपलं पान मोठ्या पडद्याचं समजून आखतो आणि मग आकसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी. ही ओळ लॅबमधल्या मोठ्या मॉनिटरवर कधी लागतच नाही, त्यामुळे बहुतेकांच्या प्रकल्पांत ती नव्हती. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता घेणं, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, साइट प्रत्यक्ष लोकांपर्यंत पोहोचवणं यावर तर एक शब्द नाही. कोर्स संपतो तेव्हा तुमची वेबसाइट पेनड्राइव्हवर असते.

आता चांगल्या भागाकडे येतो.

लेखनाचा पेपर मराठी विभागाच्या मॅडम घेतात. त्यांना कोड येत नाही, त्या तसं सांगतातही. त्यांची पद्धत अशी की प्रत्येकाने खरा मजकूर आणायचा, बनावट नाही. मी आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा आणला. त्यामागेही कारण आहे. २०१९ च्या महापुरात वाचनालयात पाणी शिरलं, दाखल नोंदवह्या भिजल्या. नंतर उरलेल्या पुस्तकांची यादी माझ्याच प्रेसमध्ये टाइप झाली. ती फाइल माझ्याकडे होती आणि वाचनालयाला साइट हवी होती.

कार्यवाहांनी पहिल्या पानासाठी मजकूर दिला तो असा: 'आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे. ज्ञानाची गंगा घराघरांत पोहोचवण्याचे व्रत घेतलेल्या या संस्थेस उज्ज्वल परंपरा लाभली असून...' पुढे संस्थापकांची नावं, आजी-माजी अध्यक्ष, शासनाने दिलेला 'ब' वर्ग, पाहुण्यांचे अभिप्राय. मी त्यावर छान बॉर्डर घालायच्या विचारात होतो. मॅडमनी फळ्यावर एवढंच विचारलं, "रात्री साडेआठला तुमच्या वाचनालयाचं पान कोण उघडतो आणि का उघडतो?" वर्गाने उत्तरं दिली. उद्या उघडं आहे का बघायला. सभासद व्हायला किती लागतात बघायला. मुलीला हवं असलेलं पुस्तक आहे का बघायला. "यातलं एक तरी उत्तर या मजकुरात आहे का?"

नव्हतं.

मग जे झालं ते असं: वर वाचनालयाचं नाव, त्याखाली 'सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. सोमवारी बंद.' त्याखाली 'सभासद व्हायचंय? अनामत आणि मासिक वर्गणी इथे पाहा.' त्याखाली पुस्तक शोधायची चौकट. स्वागत गेलं, गंगा गेली. परंपरेला 'वाचनालयाविषयी' असं वेगळं पान मिळालं आणि खरं सांगतो, तिथे ती जास्त शोभते. कार्यवाह आठवडाभर रुसले होते, अध्यक्षांचा फोटो पहिल्या पानावर हवा म्हणून. तो फोटो अजून वादात आहे.

मॅडमचा दुसरा नियम 'येथे क्लिक करा' यावर बंदी. दुवा कुठे नेतो ते दुव्याच्याच शब्दांत यायला हवं. 'सभासद अर्ज डाउनलोड करा', 'नवी पुस्तकं'. अंध वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अनेकदा पानावरच्या दुव्यांची नुसती यादी ऐकतात. त्या यादीत अकरा वेळा 'येथे क्लिक करा' आलं तर त्यांनी काय समजायचं? हाच नियम शीर्षकांना. आम्ही प्रेसवाले शीर्षक म्हणजे मोठा पॉइंट साइझ असं समजतो. एचटीएमएलमध्ये एच-वन, एच-टू, एच-थ्री ही आकाराची नावं नसून पानाची अनुक्रमणिका आहे. आकार नंतर सीएसएसमध्ये हवा तो द्या. मॅडमनी हे कोडचा एक शब्द न वापरता शिकवलं, दैनिकाचं एक पान समोर धरून. सरांच्या तासाला तेच टॅग पाठ केले होते तेव्हा काही कळलं नव्हतं.

जाहिरात वाचून येणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन्ही पेपर एकमेकांशी बोलत नाहीत. सरांची सगळी उदाहरणं इंग्रजीत, मॅडमचा सगळा मजकूर मराठीत, आणि मराठी अक्षर पडद्यावर कसं बसतं हे कुणाच्याच वाट्याला नाही. ते मी धंद्यातल्या जुन्या सवयीने शोधत बसलो. कोर्समधलं नसलं तरी लिहितो, पुढच्यांना उपयोगी पडेल.

स्लाइडवर होतं की शीर्षकाला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधे जादा अंतर, द्या, श्रीमंत दिसतं. इंग्रजीला दिसतं. देवनागरीला दिलं की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं राहतं. ओळींमधलं अंतर ब्राउझरच्या मर्जीवर सोडलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. मी मजकुराला अक्षराच्या आकाराच्या १.६ पट ठेवतो, कधी १.७. तिरपी अक्षरं मराठीत टाळाच, कारण फॉन्टात तिरपं वळण नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकडं करतो. आणि दोन्ही बाजू सरळ करायचा आम्हा प्रेसवाल्यांचा आवडता हट्ट मोबाइलच्या अरुंद ओळीत सोडून द्यावा. आपले शब्द लांब, ओळीत तीन-चारच बसतात, मधे खड्डे पडतात.

पानाच्या वरच्या टॅगमध्ये भाषा मराठी आहे असं सांगायला विसरू नका, लँग लिहून पुढे 'एमआर'. त्याने स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. शिवाय ज्या फॉन्टात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात तिथे हिंदीच्या ऐवजी आपला पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो, २००९ च्या शासन निर्णयात प्रमाण मानलेला. फॉन्टसाठी पैसे घालवायची गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्त आणि बलू हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मात्र चार-चार जाडीच्या फाइली एकदम जोडू नका. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, आणि खेड्यातल्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

सगळ्यात जास्त वेळ पुस्तकांच्या यादीने खाल्ला. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत). त्यात 'क' म्हणून दिसतं ते संगणकाच्या लेखी एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं, फॉन्ट काढला की कचरा. यादी युनिकोडमध्ये बदलून घेतली, रफार आणि वेलांट्या हाताने तपासल्या. तरी शोधाच्या चौकटीत 'दऱ्या' टाकलं की काही पुस्तकं येईनात. शेवटी कळलं की अर्ध्या नोंदींत तो शब्द नुक्त्याच्या ऱ ने लिहिलेला होता आणि उरलेल्यांत साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, आतले संकेत वेगळे. पाय मोडका र सगळीकडे एकाच पद्धतीने करून घेतला तेव्हा 'सह्याद्रीतल्या दऱ्या' सापडल्या. हे सरांना दाखवलं तर ते खुर्ची ओढून बसलेच. म्हणाले, "हे पुढच्या बॅचला तुम्हीच शिकवा." बघू.

रंगांचं एक आणि मग संपवतो. लाल पत्रिकेवर पिवळी अक्षरं हा आमच्या धंद्याचा हुकमी एक्का. मी तीच जोडी साइटच्या पट्टीला दिली होती. लॅबमध्ये मदतीला असणाऱ्या मुलीने एफ-बाराची कळ दाबून ब्राउझरमधली तपासणीची खिडकी उघडली आणि दोन रंगांतला फरक मोजून दाखवला. शुद्ध लाल आणि शुद्ध पिवळा यांच्या उजळपणाचं गुणोत्तर ३.७ च्या आसपास येतं. मघाच्याच आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. लालाचा मरून केला की तेच दहाच्या वर जातं. कागदावर ज्याला आपण 'उठाव' म्हणतो तो इथे आकड्यात मोजता येतो, हे मला भलतंच आवडलं. ती तपासणीची खिडकीसुद्धा अभ्यासक्रमात नाही, आणि माझ्या मते पहिल्या तासाला तीच दाखवायला हवी. त्या मुलीला कॉलेज पगार किती देतं माहीत नाही, पण कोर्सचा व्यवहारातला भाग तीच शिकवते.

मग प्रश्न राहतो की हे सगळं घरी बसून फुकट येत नाही का? येतं. एमडीएन या साइटवर इंग्रजीत सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे, फ्रीकोडकॅम्पवर सराव आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बरेच संगणकाचे विषय मराठीतून ऐकायला मिळतात. ज्याला एकट्याने नेटाने बसता येतं आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा नाही, त्याने साडेसहा हजार वाचवावेत. नोकरीसाठी येणाऱ्या पोरांनी तर नुसत्या या प्रमाणपत्रावर विसंबू नये, मुलाखतीत मार्कीबद्दल कुणी विचारणार नाही. पण दुकानदार, संस्थांचे कार्यकर्ते, शिक्षक, ज्यांच्याकडे सांगायला काहीतरी आहे आणि ते नीट मांडायचं आहे, त्यांनी मॅडमच्या तासांसाठी तरी जावं. तो पेपर मला कुठल्याच फुकटच्या धड्यात सापडला नाही.

मार्क द्यायचेच झाले तर लेखनाला पाचपैकी साडेचार, एचटीएमएलच्या पायाला साडेतीन, डिझाइनच्या अभ्यासक्रमाला दीड, लॅबला तीन. जर्नलला शून्य.

प्रवेश बारावीच्या निकालानंतर सुरू होतात. फॉर्म मुख्य ऑफिसात नाही, संगणक विभागात मिळतो, आणि फी एकदम भरायची नसेल तर दोन हप्ते मागून घ्या, विचारलं नाही तर कुणी सांगत नाही. येताना खरा मजकूर घेऊन या, स्वतःच्या दुकानाचा, मंडळाचा, शाळेचा, कसलाही. लॅबमध्ये खिडकीकडच्या रांगेत बसू नका, तिथल्या दोन कीबोर्डांची शिफ्टची कळ दाबली जात नाही.